तेरा-दोन

घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या गृहसंकुलाला लागून जी दुकानांची रांग आहे, तिच्या तळघरात एक पूल पार्लर आहे. भाचा मित्रांबरोबर तिथे जातो. जुलैमधल्या एका रविवारी, पावसाने उसंत म्हणून घेतली नव्हती तेव्हा, त्याने मलाही ओढून नेले. पुढच्या भागात पूलची छोटी टेबले, डोक्यावर रंग बदलणारे दिवे आणि छातीत धडधडणारे संगीत. अगदी मागे, भिंतीला लागून, बारा फुटी स्नूकरचे एकच टेबल होते. त्यावर प्लास्टिकचे आवरण होते आणि आवरणावर कुणीतरी ओली छत्री ठेवली होती. मी आधी ती छत्री उचलली. भाचा आणि त्याचा एक मित्र कुतूहलाने माझ्यामागे आले. रेड, म्हणजे पंधरा लाल बॉल, लावता लावता, मला विचारलेले नसतानाही, मी त्यांना सांगू लागलो की निळा बॉल मधल्या पॉकेटमध्ये घालून त्याच फटक्यात पांढऱ्या बॉलने हा सगळा गठ्ठा फोडायचा, ही एका माणसाची खासियत होती, आणि त्या माणसाचे नाव स्टीफन हेंड्री. भाच्याच्या मित्राचे डोळे चमकले. ‘‘तो यूट्यूबवाला ना, काका? दुसऱ्या खेळाडूंना बोलावून त्यांच्याशी खेळत गप्पा मारतो तो? तो आधी खेळायचा पण?’’ भाच्याने त्याला कोपराने हळूच ढोसले. मी म्हटले, ‘‘हो, खेळायचा,’’ आणि क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, चॉक लावत राहिलो. चॉक पुरेसे लागून झाले होते, तरी लावत राहिलो.

मुलाचा प्रश्न निर्व्याज होता. त्याच्या जन्माच्या आसपास हेंड्रीने शेवटची मोठी स्पर्धा जिंकली होती, आणि स्नूकर हा काही आपल्याकडे घरोघरी वारशाने येणारा खेळ नव्हे. तरीही तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. मला विचित्र वाटले ते हे की माझ्या विशीत कुणी येऊन मला सांगितले असते की ठाण्यातल्या एका पोराला हेंड्री खेळायचा हेसुद्धा ठाऊक नसेल, तर मी त्याला मामलेदारची मिसळ खाऊ घातली असती.

कारण हेंड्री मला आवडत नव्हता. आवडत नव्हता हे सौम्य झाले; त्याचा मला राग होता.

त्या काळात नौपाड्यात, गोखले रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर स्नूकरची दोन टेबले होती. जिना लाकडी आणि अंधारा होता, आणि वर जाताना ओळखीचे कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागे, कारण आमच्या घरांमध्ये त्या जागेची गणना उडाणटप्पूंच्या अड्ड्यांत होत असे. आत शिरले की आधी वास यायचा: सिगारेटचा धूर, चॉकची भुकटी आणि दमट लोकरीचा. टेबलावरचे कापड लोकरीचे असते आणि पावसाळ्यात ते हवेतली सगळी ओल पिऊन घेते. मग चेंडू जड होतात, कुशनवरून उठत नाहीत, आणि जूनच्या आधी अंगवळणी पडलेला प्रत्येक फटका नव्याने शिकावा लागतो. तिथले गुण मांडणारे मार्करकाका रोज संध्याकाळी कापडावरून आधी ब्रश आणि मग इस्त्री फिरवत, बॉल्कच्या, म्हणजे जिथून डाव सुरू होतो त्या, बाजूने काळ्याच्या बाजूकडे, नेहमी त्याच दिशेने, आणि त्या वेळी कुणी टेबलाला हात लावला तर सरळ खाली पाठवत. हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत, असाच पाऊस कोसळत असताना, कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी रचला, हे मला त्यांनीच सांगितले. तरुणपणी दक्षिण मुंबईतल्या एका क्लबात आपण विल्सन जोन्सचे चेंडू लावून दिले आहेत, असेही ते सांगत. ते खरे होते की नाही, हे पडताळण्याची इच्छा मला कधी झाली नाही. १९५८ मध्ये जोन्स बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला आणि भारताला कोणत्याही खेळातले पहिले वैयक्तिक जगज्जेतेपद मिळाले, हे वाक्य मार्करकाका ज्या सुरात उच्चारत, त्या सुरापुढे पुरावा मागणे असभ्यपणाचे ठरले असते. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा तिथला नियम होता. त्यामुळे माझा बहुतेक खिसाखर्च त्या जिन्याच्या वरच राहिला.

त्या खोलीत दोन तट होते. एक हेंड्रीचा आणि दुसरा जिमी व्हाइटचा, आणि मी व्हाइटच्या तटात होतो. व्हाइट डावखुरा होता. तो टेबलाभोवती चालत नसे, जवळजवळ पळत असे. क्यू खाली टेकते न टेकते तोच चेंडू पॉकेटमध्ये गेलेला असे, आणि चुकला तर चेहऱ्यावर सगळे दिसे. त्याला वावटळ म्हणत ते उगाच नव्हे. हेंड्रीच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नसे. गोरापान, नीट बसवलेले केस, बो-टाय, आणि खुर्चीत बसलेला असताना पाण्याचा घोट घेण्यापलीकडे हालचाल नाही. वयाच्या बाराव्या वर्षी नाताळात आईवडिलांनी एक लहान टेबल आणून दिले, सोळाव्या वर्षी हा व्यावसायिक झाला आणि एकविसाव्या वर्षी, १९९० मध्ये, जगज्जेता. इतक्या लहान वयात त्याआधी कुणी झाले नव्हते आणि त्यानंतरही झालेले नाही. त्या अंतिम सामन्यात समोर व्हाइट होता, १८-१२ फ्रेम, म्हणजे डाव. त्याच्या आधीच्या दशकात स्टीव्ह डेव्हिसने सहा वेळा जग जिंकले होते, पण डेव्हिसच्या खेळात एक सावधपणा होता: आधी सेफ्टी, समोरच्याला अडचणीत आणायचे, त्याने चूक केली की मग आपण जिंकायचे. हेंड्रीने ही वाट पाहणेच मोडीत काढले. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाची एक रेड दिसली की तो ती घालणार, मग निळ्यावरून गठ्ठा फोडणार आणि त्या एका भेटीतच फ्रेम संपवून पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार. १९९४ च्या यूके चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात केन डॉहर्टीविरुद्ध त्याने सात शतकी ब्रेक केले, म्हणजे सात वेळा एकाच भेटीत शंभर किंवा अधिक गुण. पंधरा फ्रेमच्या सामन्यात सात. समोरच्या माणसाचे काम फक्त बसून बघण्याचे उरले होते, आणि माझा राग नेमका तिथेच होता: हा माणूस प्रतिस्पर्ध्याला प्रेक्षक करून टाकतो.

व्हाइटला तर जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने चार वेळा प्रेक्षक केले. १९९२ मध्ये व्हाइट १४-८ असा पुढे होता. हेंड्रीने सलग दहा फ्रेम घेतल्या आणि १८-१४ ने सामना संपवला. १९९३ मध्ये १८-५, त्याविषयी बोलायलाच नको. आणि १९९४. त्या वर्षीच्या स्पर्धेत हेंड्री हॉटेलच्या न्हाणीघरात घसरून पडला होता आणि डाव्या कोपराला हाड मोडण्याइतकी इजा झाली होती. टेबलावर ज्या हाताचा आधार घेऊन क्यू चालवायची तोच हात. तरी तो अंतिम सामन्यात आला. सामना १७-१७ झाला. त्या दिवशी, २ मे रोजी, व्हाइटचा बत्तिसावा वाढदिवस होता. निर्णायक फ्रेममध्ये व्हाइट ३७-२४ असा पुढे होता, रेड सोयीच्या जागी पसरलेल्या होत्या, आणि त्याच्यासमोर काळा बॉल आपल्या स्पॉटवर होता. असा काळा, जो नौपाड्याच्या टेबलावर आमच्यापैकी कुणीही पैज लावून घातला असता. मी तो सामना थेट पाहिलेला नाही. निकाल वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरच्या चार ओळींतून कळला होता, आणि चित्रण केबलवर पाहिले ते कित्येक महिन्यांनी, चरईतल्या मित्राच्या घरी, त्याच्या वडिलांना झोप लागल्यावर आवाज पूर्ण बंद करून. काळा चुकणार आहे हे मला ठाऊक होते. तरीही व्हाइट वाकला तेव्हा माझी मूठ वळली. काळा पॉकेटच्या जबड्याला लागून बाहेर आला. मग हेंड्री खुर्चीतून उठला, त्याने ५८ चा ब्रेक केला, आणि त्या वेळी त्याचा चेहरा एखाद्या बँकेत पासबुक भरून देणाऱ्या कारकुनाइतका निर्विकार होता. व्हाइट नंतर माइकसमोर हसून म्हणाला की हा आता मला त्रास द्यायला लागला आहे. लोक हसले. मला त्या हसण्याचाही राग आला.

आपण मराठी माणसे हरलेल्या शूरांवर जास्त जीव टाकतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. १७५८ मध्ये अटकेपार झेंडे लागले याचा अभिमान आपल्याला आहे, परंतु आपण रडतो, लिहितो, वाद घालतो तो १७६१ च्या पानिपतावर. दत्ताजी शिंदे आपल्याला तोंडपाठ आहेत; अटकेपर्यंत गेलेल्या फौजेतली किती नावे आपल्याला सांगता येतील? व्हाइटवरचे माझे प्रेम या जातीचे होते. सहा अंतिम सामने हरलेला, त्यातले चार एकाच माणसाकडून हरलेला, हसत हसत पुन्हा येणारा माणूस माझ्यासाठी पूर्ण तयार करून ठेवलेला होता. आणि अशा प्रेमाला एक जिंकणारा लागतोच, ज्याच्यावर सगळे पाप ढकलता येते. हेंड्रीने ते काम इतक्या चोखपणे केले की त्याचे स्वतःचे काय म्हणणे असेल, हा विचार माझ्या मनात दहा वर्षे आला नाही. तो मुळात जिंकतो म्हणून मला व्हाइट दिसतो, हेही सुचले नाही.

१९९८ मध्ये जागतिक स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत व्हाइटने त्याला १०-४ असे हरवले तेव्हा मी नौपाड्यातल्या त्या खोलीत सर्वांना चहा पाजला. मार्करकाका तेव्हा थकले होते, पण इस्त्री अजून तेच फिरवीत. त्यांनी चहा घेतला आणि एवढेच म्हणाले, ‘‘तो परत येईल बघा.’’ तो पुढच्याच वर्षी आला. १९९९ मध्ये मार्क विल्यम्सला १८-११ ने हरवून त्याने सातवे जगज्जेतेपद मिळवले आणि डेव्हिसचा सहाचा आकडा मागे टाकला. ते त्याचे शेवटचे ठरले. त्यानंतर त्याच्या हातात काहीतरी शिरले. गोल्फमध्ये आणि नेमबाजीसारख्या खेळांत असे होते म्हणतात: हात सगळे जाणतो, डोळे बरोबर पाहतात, आणि नेमक्या क्षणी मनगट पुढे जायला नकार देते. हेंड्रीने पुढे स्वतःच सांगितले की क्यू चेंडूतून आरपार ढकलणे त्याला जमेनासे झाले होते. ज्याने अख्खा खेळ त्या एका निःशंक ढकलण्यावर उभा केला, त्याच्याच हाताला शंका यावी! त्यात २००३ मध्ये त्याची क्यू विमानप्रवासात मोडली. ती काही महागडी नव्हती. पोरवयात घेतलेली, साधी, आणि त्याच क्यूने त्याने सातही विजेतेपदे मिळवली होती. दुसरी क्यू घेऊनही तो जिंकला, नाही असे नाही, परंतु २००५ च्या माल्टा कपनंतर एकही मानांकन स्पर्धा, म्हणजे क्रमवारीत मोजली जाणारी, त्याच्या हाती लागली नाही. एकूण छत्तीस झाल्या आणि तिथेच थांबल्या.

माझी बाजू कधी बदलली हे मला नेमके सांगता येते, आणि त्याचा मला अभिमान नाही. २००२ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पीटर एबडनविरुद्ध १७-१७ झाले होते आणि मी मनात हेंड्रीचे नाव घेत होतो. तो १७-१८ ने हरला. त्या रात्री मला वाईट वाटले ते खरे होते, पण त्या वाईट वाटण्यात एक सोय होती, हेही मला तेव्हाच जाणवले. जिंकणाऱ्या हेंड्रीला मी कधी घरात घेतले नव्हते. हरणाऱ्या हेंड्रीला मी पाट मांडला. हरणाऱ्यावर माया करायला काही पडत नाही. उलट आपणच थोडे मोठे होतो. पुढची दहा वर्षे मी त्याचे सामने याच मायेने पाहिले. लांबची रेड चुकली की चुकचुकायचे, पहिल्या फेरीत पडला की ‘‘वय झाले आता’’ म्हणायचे, आणि त्याने मधूनच एखादा जुन्यासारखा ब्रेक केला की दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, ठाणे ते सीएसटी, कुणी ऐकत नसताना ऐकवायचे. या व्यवस्थेत मी सुखी होतो. त्याला ही व्यवस्था मान्य आहे की नाही, ते मी विचारले नव्हते.

२०१२ मध्ये त्याला जागतिक स्पर्धेसाठी पात्रता सामना खेळावा लागला. कितीतरी वर्षांत अशी वेळ त्याच्यावर आली नव्हती. तो पात्र ठरला आणि सलग सत्ताविसाव्या वर्षी क्रुसिबलमध्ये उतरला. क्रुसिबल हे शेफील्डमधले नाट्यगृह आहे, हजाराच्या आत माणसे मावतील एवढे. गडकरी रंगायतनाच्या रंगमंचावर टेबले मांडून पडदा उघडावा, तसे तिथे दिसते, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूचा श्वास ऐकू येत असणार. पहिल्या दिवशी, स्टुअर्ट बिंगमविरुद्ध, त्याने १४७ केला. पंधरा रेड, प्रत्येकीनंतर काळा, आणि मग सहाही रंग क्रमाने. त्याच्या कारकिर्दीतला तो अकरावा आणि क्रुसिबलमधला तिसरा होता. मी ते दृश्य संगणकावर पुन्हा पुन्हा पाहिले. शेवटच्या काळ्यानंतर प्रेक्षक उभे राहिले आहेत आणि तो हसतो आहे. हो, चक्क हसतो आहे. दुसऱ्या फेरीत त्याने जॉन हिगिन्सला १३-४ असे लोळवले. मग १ मे आला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, दुपारभर पंखा गरम हवा ढवळत होता, आणि रात्री मी निकालाचे पान उघडून बसलो होतो. ते पान दर थोड्या वेळाने ताजे करावे लागे, आणि दर वेळी आकडा फक्त एकाच बाजूचा वाढलेला असे. स्टीफन मॅग्वायर, त्याच्याच देशाचा, १३, हेंड्री २. थोड्याच वेळात बातमी आली की त्याने निवृत्ती जाहीर केली आहे. हा निर्णय म्हणे त्याने तीन महिन्यांपूर्वीच घेऊन ठेवला होता. म्हणजे १४७ करताना त्याला ठाऊक होते. बिंगमविरुद्ध तो हसला, तेव्हाही ठाऊक होते.

मी संगणक बंद केला आणि मला फसवले गेल्यासारखे वाटले.

आता लोक त्या निवृत्तीची गोष्ट सांगतात तेव्हा १४७ पाशी थांबतात. गावसकरांच्या बाबतीत आपण हेच केले आहे. मार्च १९८७ मध्ये बंगळुरूच्या वळणाऱ्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्धच्या ९६ धावा, हा त्यांचा निरोप, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे, आणि कसोटीपुरते ते खरेही आहे. पण त्यानंतर ते विश्वचषक खेळले, आणि ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडेवर, घरच्या लोकांसमोर, उपांत्य सामन्यात डीफ्रेटासच्या चेंडूवर ४ धावांवर त्रिफळाचीत झाले. ते ४ कुणी आठवत नाही. मला वाटते चाहता हा फार मोठा संपादक असतो. नको असलेले पान तो बिनदिक्कत फाडतो. हेंड्रीच्या बाबतीत मात्र मला ते पान फाडता येत नाही, कारण त्याने स्वतः निर्णय घेतला तो १४७ वरून नव्हे. पात्रता फेऱ्यांची ती थंड सभागृहे आणि सरावाच्या टेबलावर जमणारे सामन्यात न जमणे, यांच्यावरून तो घेतला होता. १३-२ हे त्या निर्णयाला मिळालेले रोखठोक उत्तर होते. आपल्या खेळाचा दर्जा आपल्यालाच सहन होत नाही, असे तो म्हणाला. चीनमधली कामे आणि धावपळीचे वेळापत्रक ही कारणेही त्याने दिली, पण पहिले कारण पुरेसे होते.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि अठ्ठावन्न पूर्ण झाले त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि सहकाऱ्यांची भाषणे, सगळे रीतसर झाले. पुढच्या सोमवारी ते नेहमीच्या वेळी उठले, दाढी केली आणि मग काय करायचे ते न कळून तलावपाळीला फेरी मारून आले. त्यांच्या निवृत्तीत त्यांचे स्वतःचे मत कुणी विचारले नव्हते; ती एक तारीख होती आणि तारखेशी भांडता येत नाही. काम जमते आहे की नाही याचा निवाडा त्यांना स्वतःला कधी करावा लागला नाही, आणि मला आता वाटते की यात एक दया होती. हेंड्रीला त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःवरच निकाल द्यावा लागला, तोही समोर व्हाइटचे उदाहरण असताना. व्हाइट थांबलाच नाही. क्रमवारीत घसरला, छोट्या सभागृहांत खेळला, ज्येष्ठांच्या स्पर्धा जिंकला, आणि २०२२ मध्ये, साठीत, पात्रता फेऱ्या पार करून यूके चॅम्पियनशिपच्या मुख्य स्पर्धेत आला. त्याला खेळणे आवडते, एवढेच. हेंड्रीला जिंकणे आवडत होते. माझ्या विशीत मी हा फरक व्हाइटच्या बाजूने वाचत असे. अजूनही बहुधा त्याच बाजूने वाचतो. पण दुसऱ्या बाजूचा एक कडक प्रामाणिकपणा आता मला दिसतो. आपण ज्या उंचीवर होतो त्या उंचीचे माप एकट्या आपल्यालाच बिनचूक ठाऊक आहे, तेव्हा प्रेक्षकांच्या प्रेमळ टाळ्या घेऊन त्या मापात खोट आणायची नाही, असा तो प्रामाणिकपणा आहे. तो मला पटतो. आवडतो असे मी म्हणणार नाही.

आणि मग तो परत आला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याने व्यावसायिक स्पर्धांत खेळण्याचे, निमंत्रणाने मिळणारे दोन वर्षांचे कार्ड स्वीकारल्याची बातमी आली. आम्ही सगळे टाळेबंदीने घरात कोंडलेले होतो आणि मार्करकाकांची ती खोली केव्हाच पाडून तिथे टोलेजंग इमारत झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो त्रास. इतक्या कष्टाने मी त्याचे जाणे पचवले आणि हा पुन्हा दारात उभा! मार्च २०२१ मध्ये जिब्राल्टर ओपनमध्ये मॅथ्यू सेल्टकडून तो ४-१ असा हरला, पण त्या सामन्यात त्याने १०७ चा ब्रेक केला, आणि निळ्यावरून रेड फुटल्या तेव्हा मी घरात एकटाच मोठ्याने ‘‘अरे!’’ म्हणालो. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धेच्या पात्रतेची पहिली फेरी जाहीर झाली आणि त्यात समोरासमोर आले हेंड्री आणि व्हाइट. कुणी रचून सांगितले असते तर मी म्हटले असते, फार झाले. एक बावन्न वर्षांचा, दुसरा अठ्ठावन्न. शेफील्डमध्येच, पण क्रुसिबलमध्ये नव्हे, एका क्रीडासंकुलात, जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढे. दोघांकडूनही सोपे चेंडू चुकत होते. १९९४ मधला काळा व्हाइटने आता घातला असता तर हिशेब मिटला असता का, असा वेडगळ प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. हेंड्री ६-३ ने जिंकला. मला व्हाइटसाठी वाईट वाटले, सवयीने. आणि त्याच वेळी हेंड्रीने त्याला हरवले याचे एक समाधान वाटले, ज्याचे मूळ मला अजून सापडलेले नाही. कदाचित जगात एखादी गोष्ट तरी होती तिथे आहे, एवढेच ते समाधान असेल. पुढच्या सामन्यात चीनच्या शू सीने हेंड्रीला ६-१ ने हरवले आणि तो विषय संपला.

कार्डाची मुदत पुढे वाढली. तो क्वचित खेळला, बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत हरला आणि २०२४ च्या मोसमानंतर खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव राहिले नाही. त्या दुसऱ्या थांबण्याला पत्रकार परिषद नव्हती, कुणी उभे राहिले नाही, मी रात्र जागवली नाही. दरम्यान २०२२ मध्ये रॉनी ओ’सलिव्हनने जड ट्रम्पला १८-१३ ने हरवून सातवे जगज्जेतेपद मिळवले होते. हेंड्रीचा सातचा आकडा आता एकट्याचा उरलेला नाही, आणि १९९६ मध्ये ज्या आकड्यांवर मी दात खात होतो, त्यांतल्या या एका आकड्यासाठी मी २०२२ मध्ये हळहळलो. आता हेंड्री समालोचन करतो. ते फार मऊ नसते. वाईट फटक्याला तो वाईट म्हणतो, आणि तरुण खेळाडू सेफ्टीकडे वळले की त्याच्या आवाजात स्पष्ट नापसंती उतरते. यूट्यूबवर मात्र तो गप्पिष्ट आहे, चेष्टा करतो, हरला तर खांदे उडवतो. मी ते भाग पाहतो आणि अर्ध्यावर बंद करतो. हा हसरा, बोलका, साधा गृहस्थ वाईट नाही, पण त्याला आधी ओळखत असतो तर मला त्या दुसऱ्याचा इतका राग करता आला नसता, आणि तो राग माझ्या तरुणपणातली बरीच मोठी जागा व्यापून आहे.

तेव्हा माझी तक्रार अशी आहे, आणि ती हेंड्रीपर्यंत पोहोचण्याची शक्यता नाही म्हणून निर्धास्तपणे लिहितो. २०१२ मध्ये त्याने थांबायला नको होते. १४७ नंतरही नको आणि १३-२ नंतर तर नकोच. त्याने आणखी पाच-सहा वर्षे खेळायला हवे होते: पात्रतेच्या फेऱ्यांत, नाव न ऐकलेल्या पोरांकडून ६-४, ६-३ असे हरत, व्हाइटसारखे. त्याच्या हाताला त्या काळात काय यातना होत होत्या हे मी वाचले आहे. समोर पडलेला सरळ चेंडू आणि पुढे न जाणारा हात, हे रोज अनुभवायला लावणारी मागणी क्रूर आहे हेही मला समजते. शिवाय ज्याला जिंकत असताना मी एक टाळी दिली नाही, त्याच्याकडे हे मागण्याचा मला हक्क काय, असे कुणी विचारले तर मजजवळ उत्तर नाही. तरी ती मागणी मी सोडलेली नाही. तो हरत राहिला असता आणि मी रात्री उशिरापर्यंत निकालाचे ते पान ताजे करत बसलो असतो.